हटके वस्तू करायचीय? चार वाटा शेजारी शेजारी ठेवून बघा

डिझाइनच्या प्रवेशाची तयारी करणारी सोलापुरातली मुलं सुट्टीत भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, पोर्टफोलिओत एक तरी हटके प्रॉडक्ट टाकायचंय, कशावरून सुचेल?’ आणि मग फोनमधले स्क्रीनशॉट दाखवायला सुरुवात. तीन पायांची लिंबू पिळणी, साखळीचा काटा, मांजराच्या पंजांना बांधलेली फरशी पुसायची फडकी, ट्रॅक्टरच्या सीटचं स्टूल, सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबलेलं.

मी प्रॉडक्ट डिझाइन शिकते, घर पूर्व भागात. माझं म्हणणं असं की या एका जातीच्या वस्तू नाहीतच. चार वेगळ्या वाटा आहेत. प्रत्येकीला लागणारं सामान वेगळं, ज्युरीचे, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांचे, प्रश्न वेगळे आणि फसण्याची जागाही वेगळी. तुम्हाला एकीवरच जायचं असेल तर आधी चौघी बघून घ्या.

माझा कौल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. पहिल्यांदाच करताय? मुद्दाम गैरसोयीची वस्तू करा. हात बसलाय आणि ओळखीत एखादा कारखाना आहे? मग दुसऱ्या धंद्यातून उचललेली वस्तू. चिंदोगु, म्हणजे कटकट सोडवणारी पण वापरायला लाज वाटेल अशी जपानी तऱ्हेची वस्तू, वहीत करा, पोर्टफोलिओत जपून. शोभेच्या वस्तूच्या नादी सध्या लागू नका.

पहिली वाट: शोभेची

हिची राणी म्हणजे फिलिप स्टार्कची ‘ज्यूसी सॅलिफ’. इटलीच्या अलेस्सी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणलेली ही लिंबू पिळणी. ओतीव अ‍ॅल्युमिनियम, उंची २९ सेंटीमीटर, कोळ्यासारखे तीन लांब पाय आणि वर खाचा पाडलेलं थेंबासारखं डोकं. स्क्विड हा समुद्री जीव बघून स्टार्कला ती सुचली आणि तिची पहिली रेखाटनं हॉटेलातल्या कागदावर झाली, हा किस्सा डिझाइनच्या पहिल्याच वर्षी ऐकवतात. अर्धं लिंबू डोक्यावर दाबून फिरवायचं, रस खाचांतून ओघळत टोकाशी येतो आणि पायांमध्ये ठेवलेल्या ग्लासात पडतो. गाळणी नाही, त्यामुळे बियाही त्याच वाटेने खाली. कहर म्हणजे दहा वर्षं झाल्यावर सोन्याचा मुलामा दिलेली खास आवृत्ती निघाली आणि लिंबाच्या आम्लाने तो मुलामाच खराब होतो. म्हणजे लिंबू लावायचं नाही अशी लिंबू पिळणी!

मला ती आवडते, खोटं कशाला बोलू. ओट्यावर नुसती उभी असली तरी घरात आलेला माणूस विचारणारच, हे काय आहे म्हणून. पण तिची ऐट आहे ओतकामात, चकाकीत आणि पायांच्या त्या एका रेषेत. तुम्ही सनबोर्ड (फोमचा पुठ्ठा) आणि एम-सील (जोडायचं लुकण) घेऊन ती ऐट आणायला बसलात तर हातात कोळीच येणार. शिवाय ज्युरीतलं कुणीतरी विचारणारच की सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळणारी पिळणी बियाही अडवते, मग तुमची कशाला? स्टार्कला हा प्रश्न परवडतो. आपल्याला अजून नाही.

तरीही याच वाटेने जायचा हट्ट असेल तर स्टार्क सोडा आणि त्याच कंपनीची मायकेल ग्रेव्हजने केलेली १९८५ ची किटली बघा. तोटीच्या टोकाला लाल प्लॅस्टिकचा छोटा पक्षी आणि पाणी उकळलं की तो शीळ घालतो. तिथे गंमत कामाला जोडलेली आहे. पक्षी काढला तर पाणी कधी उकळलं ते कळायचं नाही.

दुसरी वाट: मुद्दाम गैरसोयीची

अथेन्सच्या कातेरिना कांप्रानी या वास्तुशास्त्र शिकलेल्या बाईंनी २०११ मध्ये ‘द अनकम्फर्टेबल’ नावाचा उपक्रम सुरू केला. झाडांना पाणी घालायची झारी, पण तोटी मागे वळलेली, म्हणजे पाणी पुन्हा झारीतच. पुढून बोटं उघडी राहतील असे गमबूट. दांड्याच्या जागी साखळी असलेला काटा. काँक्रीटची छत्री.

हसून पुढे जाऊ नका, झारीपाशी जरा थांबा. बदललंय काय? फक्त तोटीची दिशा. पोट, दांडा, आकार, सगळं जागच्या जागी. आधी बघणाऱ्याला ‘ही झारी आहे’ हे शंभर टक्के पटतं आणि मग अर्ध्या सेकंदाने हात अडखळतो. दोन गोष्टी बदलल्या असत्या तर ती नुसती विचित्र भांडी झाली असती. म्हणून नियम एकच: एक गोष्ट हलवायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही.

पण ती एक गोष्ट कुठली, हे शोधायचं तर वस्तू चालते कशी हे आधी कळावं लागतं. नवशिक्याला मी हीच वाट सांगते ती याच कारणाने. गंमत करता करता अभ्यास होतो आणि कळतही नाही.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण टॉवेल पाणी का शोषतो असं विचारलं तर निम्मी मुलं ‘कॉटन असतं म्हणून’ एवढंच सांगतात. टेरी विणताना दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, लागतात, एक घट्ट आणि एक ढिला. ढिल्या ताण्याचे लूप कापडावर उभे राहतात आणि अंगावरचं पाणी मुख्यतः तेच टिपतात. आता कल्पना करा, एका टॉवेलवर फक्त ‘स्वागतम्’ एवढ्या अक्षरांपुरतेच लूप ठेवलेत, बाकी सगळा सपाट. अंघोळ करून आलेला पाहुणा ‘स्व’ने पाठ पुसतोय आणि ‘म्’ने कान. करायलाही अवघड नाही. घरातला जुना टॉवेल घ्यायचा, पुठ्ठ्यातून कापलेली अक्षरं त्यावर ठेवायची आणि आजूबाजूचे लूप कात्रीने उडवायचे. एक दुपार पुरे. ज्युरीने विचारलं ‘यातून काय कळलं’ तर बोलायला दोन ताण्यांची अख्खी गोष्ट आहे.

धोका एकच, हे आधी कुणीतरी केलेलं असतं. तोटी आणि दांडा एकाच बाजूला असलेली किटली तर चुकूनही करू नका. फ्रान्सच्या जाक कारेलमानने १९६९ मध्येच आपल्या अशक्य वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये तशी कॉफीची किटली दाखवली होती आणि डिझाइन शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ती पाहिलेली असते.

तिसरी वाट: चिंदोगु

हे थोडक्यात. जपानच्या केंजी कावाकामींनी १९८० च्या दशकात हा प्रकार रूढ केला. रोजची एखादी बारीक कटकट सोडवणारी, पण वापरायला लाज वाटेल अशी वस्तू. नूडल्स गार करायला चॉपस्टिकवर बसवलेला पंखा, डिंकाच्या कांडीसारखं ब्रेडवर फासायचं लोणी, मांजराच्या पायातली ती फडकी. त्याचे दहा नियम आहेत. वस्तू खरोखर वापरात येता कामा नये, पण ती प्रत्यक्षात बनलेली मात्र पाहिजे. विकायची नाही. पेटंट घ्यायचं नाही. आणि नुसतं हसवणं हा एकमेव हेतू नको.

गंमत म्हणजे १९९५ च्या इंग्रजी संग्रहात या ‘निरुपयोगी’ शोधांमध्ये सेल्फी स्टिकही होती. आज ती सिद्धेश्वर तलावाच्या काठावर कुणाच्याही हातात दिसेल.

कल्पना भराभर सुचायच्या असतील तर याच्यासारखा व्यायाम नाही. घरातल्या प्रत्येकाची एक बारीक तक्रार लिहून घ्या आणि प्रत्येकीवर अतिरेकी उपाय काढा. आमच्या आजीची तक्रार: कडक भाकरी मोडली की तुकडे ताटाबाहेर उडतात. उपाय: हनुवटीला बांधायची परात. झालं चिंदोगु! पण पोर्टफोलिओत हा प्रकार विनोदी चित्रासारखा वाचला जातो. पान उलटेपर्यंत हसतात आणि पुढच्या पानावर विसरतात. गैरसोयीच्या वस्तूत एक शोध असतो, इथे बहुतेक वेळा नुसती जोड असते. पंखा अधिक चॉपस्टिक.

चौथी वाट: उचललेली

मनापासून माझी आवडती. मिलानचे आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी हे भाऊ. त्यांचं १९५७ चं ‘मेत्झाद्रो’ स्टूल म्हणजे ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, खाली एकच वाकवलेली पोलादी पट्टी आणि जमिनीवर लाकडाचा आडवा तुकडा. १९६२ चा त्यांचा ‘तोइओ’ दिवा त्याहून धीट. वर गाडीचा हेडलाइट, वायर वर नेणाऱ्या कड्या मासे पकडायच्या गळाच्या काठीच्या आणि खाली वजन म्हणून दिव्याचाच ट्रान्सफॉर्मर. जो भाग लपवायचा असतो त्यालाच पाया केलं.

आता इथे आपल्याकडची मुलं हमखास घसरतात. सोलापूर म्हणजे यंत्रमाग, यंत्रमाग म्हणजे धोटा, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी तुकडा. धोटा उचलला, त्यात एलईडी पट्टी बसवली, झाला दिवा. असले दिवे आता कॅफेत टांगलेले दिसतात आणि ते शोभेच्या वाटेचेच आहेत, फक्त कपडे बदललेले. ट्रॅक्टरची सीट कास्तिल्योनींनी रूपासाठी घेतली नाही. शेतात हादरे खात तासन्‌तास बसता यावं म्हणून ती तशी दाबलेली आणि खालच्या पट्टीने स्प्रिंगसारखं दबायचं, तेही काम शेतातलंच. सीटबरोबर तिची सवय उचलली.

मग धोट्याची सवय कुठली? हातात घेऊन बघा. टणक लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, पोटातल्या खाचेत सुताची कांडी आणि एका बाजूला चिनी मातीचा बारीक डोळा. धावता धावता सूत त्या डोळ्यातून न गुंतता, न तुटता सुटत राहतं. म्हणजे धोटा उजेडासाठी नाहीच, दोरा सोडण्यासाठी आहे. गजरे ओवणारी बाई दोऱ्याचा गुंडा पायाच्या बोटात धरून बसते, तिथे तो का नको? पोलादी टोकांमुळे खाली पडला तरी फुटत नाही, मुठीत बसतो आणि दोरा मातीला लागत नाही. हे चालेल की नाही ते तिच्याजवळ बसूनच कळेल, पण प्रश्न तरी बरोबर दिशेचा आहे. दिव्याचं तसं नाही.

जाता जाता जुगाडाबद्दल. रस्त्यावरच्या जुगाडाचे फोटो काढून ‘प्रेरणा’ म्हणून चिकटवायची साथ आली आहे. रसवंतीवाल्याने जुन्या मोटरीचा काय उपयोग केला ते भारी असेलही, पण ते डिझाइन त्याचं आहे. तुमच्या पानावर तुम्ही त्यात काय घातलं ते दिसलं पाहिजे.

खर्च, वेळ आणि शोधायची जागा

पैशाच्या हिशेबात गैरसोयीची वस्तू सगळ्यात स्वस्त, कारण मूळ वस्तू घरातच असते. चिंदोगुलाही फार लागत नाही. उचललेल्या वस्तूत सामान भंगाराच्या भावाने मिळतं, पण जोडणीला वेल्डर किंवा लेथवाला लागतो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कॉलेजच्या पोराचं एक नग काम मोठ्या ऑर्डरच्या मागेच लागणार. त्याला हातात खडूची आकृती नेऊन चालत नाही, मापं मिलिमीटरमध्ये न्या. शोभेच्या वस्तूला पैसाही लागतो आणि फिनिशिंगचा संयमही, दोन्ही भरपूर.

शोधायचं कुठे, यावर घराघरांत वाद आहे. पालक म्हणतात फोन सोड, मुलं म्हणतात सगळं फोनवरच आहे. दोघंही अर्धे बरोबर. गैरसोयीच्या वस्तू आणि चिंदोगु फोनवर बघितले तर काही बिघडत नाही, एका चित्रात कळतील अशाच त्या बनवलेल्या असतात. उचललेल्या वस्तूला मात्र फोन कुचकामी आहे. तोइओच्या फोटोत ट्रान्सफॉर्मरचं वजन दिसत नाही आणि धोट्याच्या फोटोत डोळा कुठे असतो तेही नीट कळत नाही. त्यासाठी कारखान्याच्या दारातच उभं राहावं लागतं.

जानेवारीत होम मैदानावर गड्डा भरला की खेळण्यांच्या रांगेत न रमता एखादा भाजी कापायच्या यंत्राचा डेमोवाला गाठा. कानाला माइक, हातात गाजर आणि मिनिटाभरात फूल. तो वस्तू विकतोच, पण आधी ती कशी धरायची ते तुमच्या हातांना शिकवतो. पोर्टफोलिओचं पान तसं मांडलं तर बरंच काम होईल: आधी हात, मग वस्तू, मग नाव. बहुतेकांचं पान बरोब्बर उलटं असतं.

कुणी काय उचलावं

एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मुख्य परीक्षेची तयारी चालू असेल, जिथे समोर दिलेल्या सामानातून काहीतरी बनवावं लागतं, तर दुसरी वाट. एक गोष्ट हलवायची सवय तिथे थेट कामाला येते. आयआयटीच्या यूसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेत चित्र काढून कल्पना सांगायची असते, तिथे चिंदोगुची वही भरलेली असेल तर हात थांबत नाही. आधीच कॉलेजात असाल आणि सेमिस्टरचा मोठा प्रोजेक्ट निवडताय, तर चौथी.

आणि चौथीच निवडली तर कारखान्यात चांगला धोटा मागू नका. चालू मागाचा धोटा कुणी देत नाही आणि देऊही नये. टोक बोथट झालेला, लाकूड चिरलेला बाद धोटा मागा, तो बहुतेक चहाच्या बदल्यात मिळून जातो. फक्त घेण्याआधी एक सूत ओवून डोळा शाबूत आहे का बघा. त्याची कड उडालेली असेल तर दोरा तिथेच तुटेल आणि मग तुमच्याकडे उरेल तो दिवाच.