पीटीईची स्कोअर्ड मॉक टेस्ट: कोकणात घरी बसून तयारी करणाऱ्यांसाठी

पीटीई म्हणजे पिअर्सन कंपनीची, संगणकावर द्यायची इंग्रजीची परीक्षा. पिअर्सनच्या साइटवर विकत मिळणारी तिची स्कोअर्ड मॉक टेस्ट, म्हणजे गुण देणारी सराव परीक्षा, घ्यावी का? घ्यावी. पण एक टेस्ट एकदाच देता येते, आणि चिपळूण-रत्नागिरीपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत बरीच मुलं ती क्लास लावल्या लावल्या, पहिल्याच आठवड्यात उडवून टाकतात. तेव्हा हेडफोन धड नसतो, टायपिंगची सवय नसते, प्रश्नांचे प्रकार नीट पाहिलेले नसतात. स्कोअर चाळिशीत येतो आणि घरात सगळ्यांचा समज होतो की पोराचं इंग्रजीच कच्चं आहे. मग व्याकरणाची पुस्तकं निघतात. खरे गुण गेलेले असतात माइकपाशी आणि की-बोर्डपाशी.

पैसे भरण्याआधी परीक्षा कोणती हवी ते नक्की करा, कारण मॉकही परीक्षेप्रमाणे वेगळी असते. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी पीटीई अ‍ॅकॅडमिक चालते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे तिथे कायमचं राहायला जाण्याच्या अर्जाला, ती चालत नाही. तिथे पीटीई कोअर लागते, जी जानेवारी २०२४च्या अखेरीपासून स्वीकारली जाऊ लागली. कोअरमध्ये निबंध नाही, ईमेल लिहायचा असतो: ९ मिनिटं, ५० ते १२० शब्द. अ‍ॅकॅडमिकची मॉक देऊन कोअरला बसणं म्हणजे पैसे आणि सराव दोन्ही वाया. नर्सिंग केलेल्यांनी जास्तच जपावं. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायला लागणाऱ्या एनएमसी नोंदणीला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची दुसरी परीक्षा लागते, म्हणून कुणी ‘पीटीई सोपी आहे’ म्हणालं तरी ब्रिटनला जाणाऱ्या नर्सने ही मॉक विकतच घेऊ नये.

आता किती गुण लागतात ते बघा, कारण तयारीचा जोर त्यावरच ठरतो. ऑस्ट्रेलियासाठी पूर्वी सरसकट हिशेब होता: ‘प्रोफिशियंट’ पातळीला चारही भागांत ६५, तिच्या वरच्या ‘सुपीरियर’ला ७९. ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या परीक्षांना तो लागू नाही. आता प्रोफिशियंटसाठी लिसनिंग ५८, रीडिंग ५९, रायटिंग ६९ आणि स्पीकिंग ७६ हवेत. सुपीरियरसाठी अनुक्रमे ६९, ७०, ८५ आणि ८८. व्हिसाच्या पॉइंट्सच्या गणितात प्रोफिशियंटचे १० मिळतात, सुपीरियरचे २०. म्हणजे ऐकणं-वाचणं सैल झालं आणि बोलणं-लिहिणं चांगलंच आवळलं. कॅनडाच्या सीएलबी ९ साठी (सीएलबी म्हणजे कॅनडाचं भाषेच्या पातळ्यांचं माप) कोअरमध्ये लिसनिंग ८२, रीडिंग ७८, रायटिंग ८८, स्पीकिंग ८४ लागतात. ९० पैकी ८८! एवढ्या वर गेल्यावर एकेक चुकलेलं स्पेलिंग महागात पडतं. जुने ‘६५ ईच’, ‘७९ ईच’चे तक्ते अजून क्लासच्या भिंतींवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतायत. त्यावरून तयारी आखली तर रीडिंगला नको तेवढा वेळ जाईल आणि स्पीकिंग उपाशी राहील.

मॉकमध्ये मिळतं काय? खऱ्या परीक्षेचाच पडदा, तीच घड्याळं, तसेच प्रश्न, आणि शेवटी १० ते ९० च्या मापात चार भागांचे वेगळे गुण. हे गुण यंत्र देतं. अ‍ॅकॅडमिकच्या खऱ्या परीक्षेत ऑगस्ट २०२५ पासून काही प्रश्नांचा आशय माणसंही तपासतात: निबंध, सारांश, डिस्क्राइब इमेज (आकृतीचं वर्णन), रिटेल लेक्चर (ऐकलेलं व्याख्यान सांगणं) अशांचा. याचा अर्थ नीट समजून घ्या. पाठ केलेला साचा मॉकमध्ये खपून गेला तरी प्रत्यक्षात खपेलच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच क्लासेसचा सगळा भर अजून साच्यांवर आहे. ‘द गिव्हन इमेज डिपिक्ट्स’ने सुरुवात करायची आणि आकृती कोणतीही असो, तीच पाच वाक्यं ओतायची. आशयाला शून्य मिळालं की त्या उत्तराच्या उच्चाराचे आणि ओघाचेही गुण जातात. वाक्याची सुरुवात पाठ असायला हरकत नाही, पण आकृतीतला सर्वांत मोठा आकडा, सर्वांत लहान आकडा आणि त्यांचा संबंध तुमच्या तोंडून आलाच पाहिजे.

मॉक घेताना आणखी एक पाहा. ७ ऑगस्ट २०२५ पासूनच अ‍ॅकॅडमिकच्या स्पीकिंगमध्ये दोन नवे प्रकार आले: रिस्पाँड टू अ सिच्युएशन (दिलेल्या प्रसंगात काय बोलाल ते सांगणं) आणि समराइझ ग्रुप डिस्कशन. दुसऱ्यात तीन माणसांची चर्चा ऐकून दोन मिनिटांत सारांश सांगायचा असतो. सराव साहित्यात हे दोन प्रकार नसतील तर ते जुनं आहे, मग कितीही स्वस्त मिळो.

आता माइक. गुणांची सर्वांत जास्त गळती इथे आहे आणि दुरुस्तीही इथेच सर्वांत स्वस्त आहे. ब्लूटूथचे इअरबड्स वापरू नका. त्यांचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो आणि शब्दांच्या कडा बोथट होतात. यूएसबीची वायर असलेला, तोंडापुढे दांडी येणारा साधा हेडसेट घ्या. माइक ओठांच्या थेट समोर नको; खालच्या ओठाच्या किंचित खाली, ओठांच्या कोपऱ्याकडे, दोन बोटं अंतरावर ठेवा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘ब’च्या श्वासाचा फटका बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फट्-फट् येतं. खात्री करायची तर ‘पीपल प्रिफर पेपर’ एवढंच रेकॉर्ड करून ऐका. फटके ऐकू आले तर दांडी अर्धं बोट खाली सरकवा, पुन्हा ऐका.

माइकचा दुसरा नियम शांततेचा. तीन सेकंद आवाज थांबला की रेकॉर्डिंग बंद होतं, पुन्हा सुरू होत नाही. म्हणून अडलात की गप्प बसू नका, वाक्य कसंही पूर्ण करा. चुकीचा शब्द गेला तर मागे जाऊन दुरुस्त करू नका. एका शब्दाची चूक पुसायला जाऊन ओघाचे गुण जातात. वाचताना अडखळून ‘सॉरी’ म्हणायची आपल्याकडे फार सवय आहे. ती मोडा. रीड अलाउडमध्ये आधी तयारीचे ३० ते ४० सेकंद मिळतात, ते मनात वाचण्यात घालवू नका. तोंड हलवून, पुटपुटत वाचा आणि कुठे श्वास घ्यायचा ते ठरवा. रिपीट सेंटेन्समध्ये (ऐकलेलं वाक्य परत म्हणणं) तयारीला वेळच नाही आणि सुरुवातीची खूण देणारा टोनही वाजत नाही, माइक उघडला की बोलायचं. सगळे शब्द क्रमाने आले तर ३ गुण, निम्मे किंवा जास्त आले तर २. लांब वाक्य अर्धंच आठवलं तरी तेवढं ठामपणे बोला.

उच्चारात मराठी जिभेच्या तीन-चार खोडी ठरलेल्या आहेत. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच ‘व’ने उच्चारतो, ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ यंत्राला वेगळे हवेत. पहिल्याला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. ‘एफ’चा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून काढला जातो, तिथेही दातच लागतात. ‘झेड’चा ‘ज’ होतो, जरी ‘जमीन’ आणि ‘जीव’मधल्या ‘ज’चा फरक आपल्या जिभेला आधीच माहीत आहे. चौथी खोडी ऱ्हस्व-दीर्घाची: ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण बोलण्यात सारखेच म्हणतो. मालवणी किंवा रत्नागिरीकडचा हेल मात्र लपवायच्या मागे लागू नका. समजतील असे सगळे हेल चालतात. नकली अमेरिकन उच्चार करणारे दर तिसऱ्या शब्दाला अडखळतात आणि ओघ घालवतात.

पावसाळ्यात पत्र्याच्या घरात सराव करणाऱ्यांना एक अडचण असते. पत्र्यावर पाऊस लागला की माइकमध्ये नुसती सळसळ येते. साध्या सरावाला ते चालेल, उलट उपयोगीच आहे, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारचे सगळे एकाच वेळी मोठ्याने बोलत असतात. पण स्कोअर्ड मॉक त्या आवाजात देऊ नका, नाहीतर स्पीकिंगचा आकडा तुमचा की पावसाचा, हे कळणार नाही. स्लॅबखालची खोली, पंखा बंद, भिंतीला लटकवलेली जाड चादर. लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटर इन्व्हर्टरवर आणि फोनचं हॉटस्पॉट तयार. महावितरणचा तुमच्या भागात देखभालीला लाइट घालवायचा वार ठरलेला असेल तर तो दिवस सोडा. सलग दोन तासांहून जास्त वेळ लागतो.

लिहिण्यासाठी मोबाइलवर केलेला सराव जवळजवळ निरुपयोगी आहे. फोन स्पेलिंग दुरुस्त करतो, पुढचा शब्द सुचवतो. परीक्षेच्या पडद्यावर यातलं काहीच नाही. शब्दमोजणी मात्र दिसते. अ‍ॅकॅडमिकचा निबंध २० मिनिटांत २०० ते ३०० शब्दांचा. त्यात विचाराला चार मिनिटं आणि तपासायला तीन धरली, तर टायपिंगला उरतात तेरा. ज्यांनी शासनाची इंग्रजी टंकलेखनाची ३० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा पास केलीय, त्यांना इथे काहीच त्रास होत नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट असते. इंग्रजी बरं असलेल्या पण दोन बोटांनी टाइप करणाऱ्या मुलाने इंग्रजीचा क्लास लावण्याआधी तिथे दोन महिने काढावेत, हे आमचं ठाम मत.

अ‍ॅकॅडमिकच्या समराइझ रिटन टेक्स्टमध्ये (उताऱ्याचा सारांश) उत्तर एकाच वाक्यात लागतं, ५ ते ७५ शब्द, १० मिनिटं. मध्येच पूर्णविराम पडून दोन वाक्यं झाली की गुण जातात. लिहून झाल्यावर पडद्यावर बोट ठेवून पूर्णविराम मोजा. एकच हवा, आणि तोही शेवटी.

रीडिंगमध्ये वेळ सामायिक असतो आणि मागे जाता येत नाही. परिच्छेदांचा क्रम लावताना दोन मिनिटांवर अडकू नका. एकाहून जास्त उत्तरं निवडायच्या प्रश्नांत आणि लिसनिंगच्या हायलाइट इनकरेक्ट वर्ड्समध्ये (ऐकलेल्याशी न जुळणारे शब्द खुणावणं) चुकीच्या निवडीला उणे गुण आहेत, तिथे अंदाजाने टिक करू नका. बाकी ठिकाणी जागा रिकामी ठेवू नका.

लिसनिंगच्या शेवटी येतं राइट फ्रॉम डिक्टेशन, म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करणं. तीन-चार छोटी वाक्यं, एकेका बरोबर शब्दाला गुण, आणि ते लिसनिंग-रायटिंग दोन्हींत धरले जातात. आधीच्या प्रश्नांवर वेळ सांडलेली मुलं इथे पोहोचेपर्यंत घड्याळ संपत आलेलं असतं. ऐकताना थेट टाइप करा किंवा पहिली अक्षरं पॅडवर उतरवा, दोन्ही करायला जाऊ नका. अनेकवचनाचा ‘एस’ आणि ‘द’ हेच शब्द सर्वाधिक सुटतात. रोज वीस वाक्यं केली तर दीड महिन्यात फरक आकड्यात दिसतो.

मग मॉक कधी? दोन घ्या. पहिली टायपिंग आणि माइक हाताशी आल्यावर, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात; दुसरी परीक्षेच्या तीन आठवडे आधी. दोन्हींत स्पीकिंग लिसनिंगच्या बरंच मागे असेल, तर बहुधा ऐकलेलं समजतंय पण ओघ तुटतोय. तुमच्या उत्तरांची फोनवर वेगळी रेकॉर्डिंग करून थांबे मोजा. रायटिंग मागे असेल तर आधी स्पेलिंग बघा. दुसऱ्या मॉकमध्ये हव्या त्या आकड्यापासून दहाच्या वर लांब असाल तर तारीख पुढे ढकला. मात्र तो निर्णय परीक्षेला चौदा दिवस उरलेले असतानाच घेतलेला बरा, शेवटच्या आठवड्यात पैसे परत मिळत नाहीत. म्हणूनच दुसरी मॉक तीन आठवडे आधी. फी अठरा हजारांच्या आसपास आहे, ती घालवण्यापेक्षा महिनाभर थांबणं परवडतं.

तारीख निवडताना गणपती आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लक्षात घ्या. परीक्षेला बहुतेकांना मुंबई-पुणे गाठावं लागतं. रात्रभर कोकणकन्येत किंवा तुतारीत बसून सकाळच्या स्लॉटला जाणं टाळा. गाडी वेळेवर पोहोचली तरी झोप न झालेला आवाज माइकमध्ये ओळखू येतो. आदल्या दुपारपर्यंत पोहोचा. मूळ पासपोर्ट लागतो, दुसरं ओळखपत्र चालत नाही. खात्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कुणाच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, कुणाच्या नसतं, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं आधार एक, पासपोर्ट दुसराच सांगतो. हे बुकिंगच्या दिवशीच तपासा.

हॉलमध्ये सुरुवातीलाच माइक तपासायची पायरी येते. घाई करू नका. स्वतःचा आवाज परत ऐका, दांडी घरी ठरवली होती तिथेच आणा, आणि आवाज क्षीण किंवा फाटका वाटला तर लगेच हात वर करून हेडसेट बदलून मागा. एकदा प्रश्न सुरू झाले की घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.