घरी चार्जिंग नाही, गाव महाडजवळ: इलेक्ट्रिक गाडीचे दहा महिने

आमची इमारत दादरच्या जुन्या गल्लीतली. गाडी रस्त्यावरच लागते, त्यामुळे घरचा चार्जर हा विषयच नव्हता. तरी दहा महिन्यांपूर्वी २४ किलोवॅट-तास (म्हणजे २४ युनिट) बॅटरीची छोटी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, घेतली आणि आजवर सगळं चार्जिंग बाहेर केलं. "घरी सोय नसेल तर घेऊ नका," असं जो तो सांगत होता. मुंबईपुरतं तरी ते खरं निघालं नाही.

आठवड्यातून दोनदा ऑफिसजवळच्या पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटच्या एसी (साध्या, हळू) चार्जरवर लावते. २० टक्क्यांवरून ८० व्हायला सव्वादोन तास, तेवढ्यात माझी कामं होतात. घाई असेल तरच डीसी फास्ट, म्हणजे जलद चार्जर. तिथे ८० टक्क्यांनंतर वेग खूप पडतो, म्हणून ८० झाले की गन (चार्जरचा प्लग) काढून जागा सोडावी, मागे कुणीतरी ताटकळत असतं. आणि दर बघताना १८ टक्के जीएसटी धरलाय का ते नक्की पाहा.

खरा त्रास मशीनचा नाही, जागेचा. चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावून मालक गायब! माझ्या नेहमीच्या ठिकाणी एक पार्किंगवाले काका तिथे लाल कोन ठेवतात, ईव्ही आली की उचलतात. सहा किलोमीटर लांब पडलं तरी मी तिथेच जाते.

गावची गोष्ट वेगळी. गाडीतला थंड हवेचा एसी लावून माझी गाडी १८० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे महाडला जाताना वाटेत एकदा चार्जिंग हवंच. गणपतीत माणगावच्या अलीकडे एका हॉटेलच्या चार्जरवर थांबलो, तर पुढे चार गाड्या. दोन गन एकदम चालू झाल्या की पॉवर वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाला जास्तच वेळ. आई अडीच तास गाडीत बसून होती, तिचे पाय सुजले. त्याआधी जुलैत वीज गेली आणि मशीन बंद पडलं, पण ॲपवर 'उपलब्ध' दिसतच राहिलं. तेव्हापासून निघण्याआधी फोन करून विचारते, आणि दुसऱ्या चार्जरपर्यंत पोचण्याइतकी बॅटरी राखूनच पहिल्यावर जाते.

गावी चुलतभावाकडे १५ अँपिअरचा सॉकेट होता, पण गाडी चार्जच घेईना. वायरमन आला, म्हणाला, "ताई, अर्थिंगच नाही घराला." त्याने परसात खड्डा खणून कोळसा-मीठ भरून नीट अर्थिंग केलं. त्या रात्री दहाला गाडी लावली, पहाटे साडेपाचला १०० टक्के! भाऊ विजेचे पैसे घेत नव्हता, तरी मी युनिट मोजून दिले.

केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महामार्गावर दर २० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं. व्हायलाच हवं. पण महाड, माणगाव, पोलादपूरसारख्या ठिकाणी लॉज आणि घरगुती खाणावळवाल्यांनी एवढं केलं तरी चालेल: चांगलं अर्थिंग, १५ अँपिअरचा सॉकेट, वेगळा मीटर. मुक्कामाची गाडी रात्रभर उभीच असते. आता खोली बुक करताना मी आधी सॉकेटचं विचारते, मग गरम पाण्याचं. मागच्या महिन्यात पोलादपूरच्या एका लॉजवाल्या दादांनी माझ्या सांगण्यावरून सॉकेट बसवून घेतला. दिवाळीला तिथेच उतरणार आहोत.