धिंगरीच्या पिशव्या आणि मशरूम ओळखणारं ॲप: पावसाळा ते उन्हाळा, कोल्हापुरातला अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घरी धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशव्या लावायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास रानातली अळंबी ओळखून देणारं एक ॲपही फोनवर घेतलं. आता उन्हाळा लागलाय. पिशव्या जरूर लावा, असं मनापासून सांगेन. ॲप बघायला छान आहे, पण त्याच्या भरवशावर एक तुकडाही तोंडात टाकू नका. हे दुसरं मत पक्कं झालं ते पिशव्यांमुळेच.

सुरुवातीला तयार पिशवी मागवली होती: काड भरलेलं, बी (धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली अळिंबीची बुरशी) मिसळलेलं, आपण फक्त चिरा द्यायच्या आणि पाणी फवारायचं. उगवण चांगली झाली. पण कुरिअरमध्ये रखडलेली नंतरची एक पिशवी हिरव्या बुरशीसकट हातात पडली, आणि आतल्या माहितीपत्रकात अशा पिशवीचं काय करायचं याबद्दल अवाक्षर नव्हतं. (हिरवा डाग पसरला असेल तर ती पिशवी बाकीच्यांपासून लांब न्या, घरात उघडू नका.) किंमतही काडाच्या मानाने फार. म्हणून मग नुसतं बी आणायला लागले.

आपल्याकडे भाताच्या पिंजराला तोटा नाही. राधानगरी, गगनबावड्याकडून कुणीही पेंढी आणून देतं, फक्त ते पावसात भिजलेलं, काळं पडलेलं नको. तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवायचे, मग ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. त्यानंतरचं निथळणं सगळ्यात महत्त्वाचं. मूठभर काड दाबल्यावर तळहात ओला व्हावा, पण थेंब पडू नये. ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण २ टक्के बी थराथराने टाकायचं, पिशवी बांधून भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायची. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर पंधरा-वीस दिवसांत काड पांढऱ्या तंतूंनी घट्ट बांधलं जातं. मग प्लास्टिक काढायचं, उजेड आणि वारा द्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवाच इतकी दमट असते की फवारणी जेमतेम लागते. फेब्रुवारीनंतर मात्र भोवती ओलं गोणपाट टांगावं लागतं. तीन वेळा तोडणी होते, पहिली सगळ्यात भरघोस. किलोभर कोरड्या काडाला पाऊण किलोच्या आसपास ताजी धिंगरी मिळाली तर बेड उत्तम जमला म्हणायचं.

आता ॲपकडे. एकाच बियाण्याच्या पिशव्या मी वेगवेगळ्या जागी टांगल्या. बंद खोलीत हवा कोंडली, कार्बन डायऑक्साइड साचला, तिथे देठ लांबलचक आणि छत्री बटणाएवढी झाली. मागच्या गॅलरीत छत्री तळहाताएवढी पसरली. उजेड कमी तिथे रंग फिका, हवा कोरडी तिथे कडा पिवळ्या आणि फाटलेल्या. जून झालेल्या छत्र्यांच्या कडा वर वळल्या. जात एकच, पण या सगळ्यांचे फोटो ॲपला दाखवले तर कधी बरोबर नाव यायचं, कधी भलतंच. जिचा जन्मापासूनचा पत्ता मला माहीत आहे तिचं हे, तर रानातल्या अनोळखी छत्रीबद्दल फोटो काय सांगणार?

गगनबावड्याकडे राहणारी माझी आत्या पहिल्या पावसानंतर वारुळावरची अळंबी आणते, तीही वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या वारुळांवरूनच. मी फोन काढला तशी म्हणाली, "फोटू ऱ्हाऊ दे, मुळापातूर उकरून बघ की." तिचंच खरं. या अळंबीच्या छत्रीला मधोमध टोक असतं आणि देठ मुळासारखा खोल जमिनीत, वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. वाळवी तिथे ही बुरशी स्वतः जोपासते, म्हणूनच ती धिंगरीसारखी घरच्या पिशवीत लावता येत नाही. वरून तोडली की नेमकी ही खूण जमिनीतच राहते. अमानिटा गटातल्या विषारी छत्र्यांचंही तसंच: देठाच्या बुडाशी असलेली वाटी मातीत गाडलेली असते.

बंगल्यांच्या हिरवळीवर पावसाळ्यात उगवणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, फोटोत अगदी खाण्याजोगी दिसते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. कोवळेपणी तिचे खालचे पडदे पांढरेच असतात, हिरवट झाक नंतर येते. पूर्ण उघडलेली छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली तर हिरवट भुकटी पडते. ही कागदाची चाचणी शिकण्यासाठी फार चांगली, पण भुकटी हिरवी पडली नाही म्हणजे खायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका. चांदीचं नाणं काळं पडणं, लसणाचा रंग बदलणं, किड्यांनी खाल्लेलं असणं, या सगळ्या पारखी खोट्या आहेत. अमानिटातलं यकृत निकामी करणारं विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात आणि मध्ये बरं वाटल्याचा भास होतो. शंका आली तर उरलेली अळंबी कागदी पिशवीत घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा, उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका.

घरच्या धिंगरीबद्दल आणखी थोडं. कडा वर वळण्याआधीच तोडा, नाहीतर घरभर बीजाणू उडतात आणि दम्याच्या माणसाला खोकला लागतो. फ्रिजमध्ये प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा. करताना आधी मोठ्या आचेवर पाणी आटवून घ्या, मग कांदा-लसूण चटणी घाला. आमच्याकडे सोमवारी मटणाऐवजी तिचाच तांबडा रस्सा होतो आणि पोरं भांडं पुसून खातात.

बी घेताना तारीख विचारा. दाण्यांवर पांढरीशुभ्र वाढ हवी, आंबूस वास किंवा हिरवा-काळा ठिपका दिसला तर परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात प्रशिक्षण मिळतं, मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर आधी तिथे जाऊन या. सध्या राखाडी धिंगरी उन्हाने मंदावली आहे, म्हणून गुलाबी लावली आहे. तिला उकाडा सोसतो, पण तोडली की त्याच दिवशी संपवावी लागते.