पुण्यातील लठ्ठपणा शस्त्रक्रिया केंद्र : स्लीव्हनंतरच्या दीड वर्षाचा अनुभव

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय शोधताना बहुतेक जण सर्जनचे नाव आणि पॅकेजचा आकडा, एवढ्या दोनच गोष्टींची चौकशी करतात. पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या बॅरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणा शस्त्रक्रियेच्या) विभागात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया, झाली, त्याला आता दीड वर्ष होत आले. एवढ्या काळात माझे मत पक्के झाले आहे की अशा विभागाची खरी परीक्षा आहारतज्ज्ञाच्या टेबलापाशी होते. सर्जनचे काम दोन-अडीच तासांत संपते. पुढे जन्मभर काय, किती आणि कसे खायचे हे रुग्णाला शिकवणारे माणूस त्या विभागात आहे की नाही, यावर बाकीचे सगळे अवलंबून असते. या कसोटीवर मी या केंद्राला चांगले गुण देते, जरी हिशेब विभागाविषयी आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या फोनांविषयी माझी स्पष्ट नाराजी आहे.

मी कोल्हापूरची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४७ च्या वर. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, गुडघ्यांमुळे फळ्यासमोर सलग तास उभे राहून घेणे अशक्य झाले होते, आणि झोपेच्या तपासणीत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबणे) निघाल्यामुळे रात्री हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपावे लागत होते. डाएट, चालणे, आयुर्वेदिक काढे हे सगळे वर्षानुवर्षे करून झाले होते. वजन उतरायचे आणि व्याजासह परत यायचे.

पहिल्या भेटीत सर्जनने शस्त्रक्रियेची तारीख देण्याची घाई केली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधी एन्डोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड, बी-१२ व डी जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांच्या तपासण्या झाल्या, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे झाले, आणि त्यानंतरच पर्यायांची चर्चा झाली. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला जठराचे चित्र काढून समजावले की स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात, केळ्यासारखी अरुंद नळी मागे राहते, आणि काढलेल्या भागातच भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होत असल्यामुळे सुरुवातीच्या काळात भूकही कमी होते. बायपास या दुसऱ्या पर्यायात जठराची लहानशी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जुना मधुमेह किंवा जळजळीचा मोठा त्रास असेल तर बायपासचा विचार आधी करावा, कारण स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकते, हेही त्यांनी न विचारता सांगितले. माझ्या एन्डोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) नव्हता, मधुमेहही नव्हता, म्हणून स्लीव्ह ठरली. ही शस्त्रक्रिया पुन्हा पूर्ववत करता येत नाही, हे वाक्य त्यांनी माझ्या यजमानांकडे पाहून मुद्दाम दुसऱ्यांदा उच्चारले.

या शांत, नीट झालेल्या चर्चेनंतर रुग्णालयाच्या 'काउन्सेलर'चे फोन सुरू झाले, आणि तेथे माझे मन खट्टू झाले. महिनाअखेरीपूर्वी नाव नोंदवल्यास सवलत मिळेल, अशा भाषेत पोटाच्या शस्त्रक्रियेविषयी बोलले जाऊ नये. जठराचा बहुतांश भाग गमावण्याचा निर्णय सवलतीच्या मुदतीत बसवण्यासारखा नसतो. रुग्णालयाने ही पद्धत बंद करावी, असे मी अभिप्राय-अर्जातही लिहून दिले आहे.

विम्याची बाजू मात्र नीट समजून घ्यावी, कारण 'लठ्ठपणाला विमा मिळत नाही' हा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित नियमांनुसार रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा ३५ वा त्याहून अधिक असून सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांपैकी एखादा गंभीर आजार असेल आणि कमी त्रासाचे उपाय करूनही वजन उतरले नसेल, तर लठ्ठपणाच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. अर्थात पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ संपलेला असावा लागतो. माझा दावा कॅशलेस मंजूर झाला, परंतु अंदाजपत्रकात दाखवलेल्यापेक्षा जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची काडतुसे (पिनांचे संच) जास्त लागली आणि त्या फरकाचा भार डिस्चार्जच्या दिवशी आमच्यावर आला. काडतुसे किती लागतील हे आधी नेमके सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण 'अमुक इतकी धरली आहेत, जास्त लागल्यास प्रत्येकी इतके' असे लेखी देता येते, आणि ते दिले गेले नाही. संमतीपत्रही केवळ इंग्रजीत होते. मी आग्रह धरल्यावर निवासी डॉक्टरांनी बसून ते संपूर्ण मराठीत समजावले, याबद्दल त्यांचे आभार, तरीही पुण्यातल्या रुग्णालयात मराठी संमतीपत्र छापील का नसावे, याचे उत्तर मला मिळाले नाही.

शस्त्रक्रियेविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. दुर्बिणीतून झाली, पोटावर पाच छोटी छिद्रे, आणि त्याच संध्याकाळी परिचारिकेने हाताला धरून मला पॅसेजमध्ये चालवले. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे आणि पोटात इंजेक्शने, छातीसाठी तीन चेंडूंचे फुंकायचे, खरे म्हणजे ओढायचे, यंत्र. टाक्यांपेक्षा खांदाच जास्त दुखला. पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते आणि चालल्याने ते कमी होते, असे भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवल्यामुळे घाबरायला झाले नाही. जठराची शिवण गळत नाही ना, ही लीक तपासणी व्यवस्थित आल्यावर खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या कपातून पाणी सुरू झाले, एक कप पाव तासात संपवायचा, घोट-घोट.

आता आहारतज्ज्ञ बाईंविषयी. डिस्चार्जच्या वेळी मिळालेला छापील तक्ता पाहून सासूबाई म्हणाल्या, "अहो, ह्यात आपल्या घरातलं काहीच नाही." खरेच होते, ब्रोकोलीचे सूप, टोफू, स्मूदी असा तो तक्ता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि आम्ही घरी काय करतो ते विचारून हाताने दुसरा लिहिला. पातळ पदार्थांच्या दिवसांत मुगाचे कढण, गाळलेले ताक, नाचणीची पातळ आंबील आणि कोल्हापूरकरांच्या घरात आठवड्याला शिजतेच ते अळणी, म्हणजे मटण शिजवल्यावरचे बिनतिखटाचे पाणी. फक्त ते थंड करून वर गोठलेला चरबीचा थर काढून टाकायचा, पुन्हा गरम करून गाळायचे आणि मगच प्यायचे. "ताई, पांढऱ्या रश्श्याचं नाव सध्या काढू नका," असे त्यांनी बजावले, कारण त्यातले नारळाचे दूध आणि काजू-तीळ त्या जठराला झेपण्यासारखे नसतात. पुढे घोटलेले वरण, मऊ अंडे, मुगाचे धिरडे, मग पनीर आणि मासे अशा पायऱ्या आल्या. चपाती आणि भात सर्वांत शेवटी. मऊ चपातीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो, हा अनुभव या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना येतो. मला भाकरी कुस्करून आमटीत भिजवून खाणे आजही जास्त सोसते.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे त्यांचे मुख्य सूत्र, आणि ते पाळणे किती कठीण आहे हे हिशेब मांडल्यावर कळते. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात सहा-सात; आणि पोटात तर वाटीसुद्धा मावत नाही. म्हणून ताटात आधी प्रथिने, नंतर भाजी, जागा उरली तर भाकरी, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी व नंतर पाणी बंद. संकष्टीला शाबूची खिचडी खाऊ का, असे विचारल्यावर त्यांनी उपवासाला हसण्यावारी नेले नाही. शाबूत प्रथिने जवळजवळ नसतात हे सांगून दूध, दही, राजगिरा यांवर उपवास बांधून दिला.

तिसऱ्या महिन्यानंतर केस मुठीने गळू लागले. वेगाने वजन उतरताना असे होते आणि बहुधा काही महिन्यांत थांबते, पण ही कल्पना आधी ठळकपणे दिली गेली असती तर कंगवा हातात घेताना रडू आले नसते. बाईंनी फोनवर धीर दिला, फेरिटिन तपासून घेतले आणि लोहाची गोळी व कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवण्याची आठवण केली, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची गोळीही होती. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र कायमच्या. त्यांचा खर्च कुठल्याच पॅकेजमध्ये धरलेला नसतो, तो घरखर्चात धरावा.

आज वजन ७९ किलो आहे. सीपॅप मशीन डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुन्हा झोपेची तपासणी करून बंद झाले, रक्तदाबाची एक गोळी राहिली, आणि मी पूर्ण तास उभी राहून शिकवते. दुसरीकडे, उशिरा जेवून आडवे झाल्यास आंबट पाणी घशाशी येते, त्यासाठी औषध चालू आहे. दंडांची आणि पोटाची कातडी सैल लोंबते. आणि गेले काही महिने काटा जागचा हललेला नाही. बाहेरगावच्या रुग्णांसाठी तपासणीची वेळ फक्त कामाच्या दिवशी सकाळी असणे ही या केंद्राची मोठी उणीव आहे. आमच्यासारख्यांना रजा टाकून यावे लागते, आणि बरेच जण त्यामुळेच पहिल्या वर्षानंतर येणे सोडतात, ज्याचे परिणाम बी-१२ आणि लोहाच्या कमतरतेतून पुढे दिसतात.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आल्यापासून 'इंजेक्शन असताना कापून कशाला घेतलेस' असे विचारणारे भेटतात. ज्यांना ती लागू पडतील त्यांनी जरूर डॉक्टरांशी बोलावे. मात्र ती थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते, हे धरून खर्चाचा विचार करावा. माझ्या वजनाला आणि अ‍ॅप्नियाला हा मार्ग योग्य होता, असे मी आजही म्हणते.

हे केंद्र निवडावे का, असे कोणी विचारले तर मी होय म्हणेन, दोन अटींसह. स्टेपलरसकट अंदाजपत्रक लेखी घ्यावे. आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आहारतज्ज्ञ बाईंची स्वतंत्र वेळ मागून, आपल्या घरातला आठवड्याचा स्वयंपाक कागदावर लिहून नेऊन, त्यांच्यासमोर ठेवावा.