ड्राफ्ट की फ्री एजन्सी?

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, संघ बांधायचा तर मला ड्राफ्टच जवळचा वाटतो, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून संघांनी आळीपाळीने करायची निवड. सात फेऱ्या, आणि निवडलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार, तोही ठरलेल्या चौकटीतल्या पगारात. २०१२मध्ये सिअ‍ॅटलने रसेल विल्सनला तिसऱ्या फेरीत, ७५व्या क्रमांकावर घेतलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, इतका स्वस्तात पडला, की सॅलरी कॅपमधल्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतल्या) उरलेल्या पैशात २०१३ला क्लिफ अ‍ॅव्हरिल आणि मायकल बेनेट हे फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, आणता आले. त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला!

फ्री एजन्सीत माणूस पारखलेला मिळतो, पण चढ्या भावाने, आणि बऱ्याचदा ऐन उमेदीची वर्षं दुसरीकडे खर्चून आलेला. बचावपटू रेजी व्हाइट १९९३मध्ये ग्रीन बेच्या संघात आला आणि पुढे एकाच सुपर बोलमध्ये त्याने समोरच्या क्वार्टरबॅकला तीनदा आडवं केलं. असा कुणी असेल, तरच मी तिजोरी उघडेन.