फोल्डस्कोप: कपाटात न राहणारा सूक्ष्मदर्शक

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, जड आणि चांगला, पण तो कुलपात. वर्षातून एक-दोनदा बाहेर निघतो. मुलं रांगेनं येऊन क्षणभर डोळा लावतात, आणि "दिसलं का?" विचारलं की काहीच दिसलेलं नसताना "हो मॅडम" म्हणतात. मागच्या वर्षी पदरचे पैसे घालून दहा फोल्डस्कोप मागवले. वर्षभर वापरल्यावर हे लिहितेय.

फोल्डस्कोप म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक. मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश यांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठात जिम सिबुल्स्की यांच्यासोबत तयार केला. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला तेव्हा सामानाचा खर्च एका डॉलरच्या आत बसत होता. कागद न भिजणारा, भिंग मोहरीच्या दाण्याएवढं, आणि तरी वस्तू १४० पट मोठी दिसते.

जोडायला मी सलग दोन तास ठेवले होते. तुकडे सुटे करायचे, घड्या घालायच्या, खाचेत खाच बसवायची. पुठ्ठ्याच्या बैलगाड्या करणारी पोरं ती, माझ्याआधी त्यांचंच जुळलं. दोन अंगठ्यांनी पट्टी हळूच सरकवली की चित्र स्पष्ट होतं. हा अंदाज हाताला यायला मात्र आठवडा जातो, तेवढा धीर धरा. आणि पहिल्याच दिवशी बजावून सांगा: उजेडाकडे धरायचं, सूर्याकडे कधीही नाही.

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी टाक्या आणि रांजण भरलेले. मुलांनी पहिला थेंब आणला तो तिथलाच. एका पोरानं डोळा लावला आणि ओरडला, "मॅडम, पाण्यात कायतरी पळायलंय!" मग सगळा वर्ग त्याच्यावर पडला. आठवीचा सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाचा धडा मी किती वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवला! त्या दिवशी चित्र मुलांनी काढलं, आणि प्रत्येकाचं वेगळं आलं. पुढच्या आठवड्यात तीन घरच्या रांजणांना फडकी बांधली गेली.

मर्यादाही सांगते. दोन मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक वस्तू यात सुटी दिसत नाही. त्यामुळे दह्यातले जिवाणू बघू म्हणून वाटी घेऊन आलेल्या मुली हिरमुसल्या. एका वेळी एकालाच बघता येतं. चुंबकाची चकती लावून मोबाइल जोडला की सगळ्यांना दिसतं, पण तो मोबाइल बाईंचाच असतो. मोठ्या सूक्ष्मदर्शकाची जागा हा घेणार नाही.

पण मोठा सूक्ष्मदर्शक उसाच्या फडावर जात नाही. आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आम्ही घरोघर फिरतो, तरी जातातच. सातवीतल्या एका मुलीच्या दप्तरात मी एक फोल्डस्कोप, काही कोऱ्या स्लाइड आणि सेलोटेप ठेवला. परत येईल की नाही, वस्तू टिकेल की नाही, काहीच माहीत नव्हतं.

मार्चच्या शेवटी ती आली. सोबत चौदा स्लाइड, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव: वाढं (उसाचा हिरवा शेंडा), पाचट (उसाची वाळकी पानं), कोपीवरची (फडावरच्या झोपडीवरची) राख, बैलाचा केस. त्यातली पाचटाच्या कडेची स्लाइड मी स्वतः लावून पाहिली. पानाच्या कडेला करवतीसारखे दात, सगळे एकाच दिशेला वळलेले. वहीत तिनं ते दात काढले होते आणि खाली लिहिलं होतं, "आईच्या हाताला ह्येच कापतंय. उलटं वढलं की जास्त कापतंय."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिनं पाहिलं, ताडलं आणि लिहिलं.

ज्या शिक्षकांना विचारायचंय की घ्यावा का, त्यांनी घ्यावा. दहा एकदम जमत नसतील तर दोन घ्या, पण मुलांच्या घरी जाऊ द्या. मला यंदा दिवाळीच्या आत आणखी सहा मागवायचेत. वर्गातली सहा नावं ऊसतोडीच्या मुकादमाच्या टोळीत लागलीत.