व्हॉल्व्ह वाचवून ऑर्टा बदलली : काही महिन्यांनंतरचा अनुभव

ऑर्टाची म्हणजे महाधमनीची मुळाशी रुंदी ५ सेंटिमीटरच्या वर गेलेली, त्रास काहीच नाही, टूडी इको भलत्याच कारणासाठी केला होता तेव्हा कळलं. ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झालेत, भीती पण ओसरलीये आणि सुरुवातीचं "वाचलो बाबा" पण, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

माझं झालं ते डेव्हिड ऑपरेशन. टोरोंटोचे सर्जन टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. ऑर्टाच्या मुळाचा फुगलेला भाग कापून टाकतात पण तुमच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे हृदय आणि ऑर्टामधल्या झडपेच्या, तीन पाकळ्या तशाच ठेवतात, त्यावर बाहेरून डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी चढवतात, व्हॉल्व्ह नळीच्या आत शिवून घेतात आणि हृदयाला रक्त देणाऱ्या दोन कोरोनरी वेगळ्या काढून नळीला भोकं पाडून परत जोडतात. हे सगळं हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर. जुना आणि अजूनही भरपूर होणारा पर्याय म्हणजे बेंटॉल, तो १९६८ पासूनचा, त्यात नळीसोबत व्हॉल्व्हही कृत्रिम बसतो.

मला लीकही होतं, म्हणजे व्हॉल्व्हमधून रक्त थोडं मागे गळत होतं, आणि आधी वाटायचं लीक आहे म्हणजे व्हॉल्व्ह खराब. सर्जननी समजावलं, चौकट वाकली की दार नीट लागत नाही, त्यात दाराचा काय दोष! मूळ रुंदावलं की चांगल्या पाकळ्याही एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. मग दार का फेकायचं? फेकलं तर मेकॅनिकल व्हॉल्व्हला जन्मभर वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची टेस्ट) तपासत बसणं, आणि टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला) काही वर्षांनी झिजतो, तरुण वयात तर जास्तच लवकर. माझं वय बघता दोन्ही नको होतं.

पण एक गोष्ट जो विचारेल त्याला मी सगळ्यात आधी सांगतो. व्हॉल्व्ह वाचेलच असं आधी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाकळ्या पातळ झाल्यात का, भोकं आहेत का, ताणल्या गेल्यात का हे नीट आत बघूनच कळतं. म्हणजे भूल द्यायच्या आधी प्लॅन बी तुम्हालाच ठरवून ठेवावा लागतो, नाहीच जमलं तर मेकॅनिकल की टिश्यू, आणि तो विचार आदल्या रात्री करायचा नाही, आधी घरच्यांशी बसून बोलून घ्यायचं. दुसरं, सर्जनला सरळ विचारा की बेंटॉल नाही, हेच ऑपरेशन तुम्ही किती केलीत. मला विचारायला संकोच वाटत होता पण त्यांना अजिबात राग आला नाही, उलट आकडा सांगून त्यातल्या किती जणांना परत ऑपरेशन लागलं तेही सांगितलं. अनुभवी हातात हे काम वर्षानुवर्षं टिकतं, पण हात अनुभवीच पाहिजे.

मशीनवरून काढल्यावर टेबलवरच अन्ननलिकेतून इको करून लीक बघतात, जास्त असेल तर परत मशीनवर घेतात. माझ्या रिपोर्टला "ट्रेस लीक", म्हणजे अगदी किंचित लीक, आलं, अजूनही तेवढंच आहे. हा शब्द वाचून मी पहिल्यांदा घाबरलो होतो, आता सवय झाली.

रिकव्हरीबद्दल "रिपेअर" ऐकून लोकांना वाटतं छोटं काम असेल. अजिबात नाही, छातीचं हाड पूर्ण उघडतात आणि तारांनी बांधतात, त्यामुळे खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना हातावर जोर न देता कुशीवर वळून उठायचं, श्वासाच्या व्यायामाच्या तीन बॉलवाल्या स्पायरोमीटरशी दिवसभर भांडायचं. आयसीयूतून बाहेर आल्यावर एका रात्री ठोके बेताल झाले, एट्रियल फिब्रिलेशन, ते या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं आणि औषधाने माझं गेलं. कंटाळा, चिडचिड, उगाच रडू येणं हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. हाड जुळल्यावर ते हळूहळू कमी झालं. डाव्या कुशीवर झोपलो की उशीत ठोके धपधप ऐकू येतात, मेकॅनिकलवाल्यांची टिकटिक नसली तरी हे आहे, सुरुवातीला झोप उडायची.

बीटा ब्लॉकरने (बीपी आणि ठोके कमी ठेवणारं औषध) जिना चढताना पाय जड होतात, श्वास नाही, पाय. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला तेव्हा बरं वाटलं पण बंद करत नाहीत, कारण नळीच्या पुढची ऑर्टा अजून माझीच आहे आणि बीपी वाढलं तर ताण तिच्यावर येणार. चालणं, सायकल भरपूर, पण श्वास रोखून जड वजन उचलणं बंद. ठरलेल्या वेळी इको आणि सीटी. वॉरफेरिन सुटलं म्हणजे हॉस्पिटल सुटलं असं नाही हे डोक्यात घेऊनच या वाटेला जा. तरीही मला परत निवडायला सांगितलं तर हेच निवडीन.

एक तक्रार आहेच. डिस्चार्ज कागदावर औषधांची लांबलचक यादी होती पण काय टाळायचं ते एका ओळीतही नव्हतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्येच इशारा दिलाय की ऑर्टा फुगलेल्यांनी दुसरा पर्याय असेल तर ही घेऊ नयेत. मला हे लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं, त्यांनी छातीवरचा व्रण बघून स्वतःच औषध बदललं. आता पाकिटात एक चिठ्ठीच ठेवलीये.

आणि सख्ख्या नातेवाइकांचा इको करून घ्या, हा आजार कुटुंबात चालतो, मार्फानसारखं (ऑर्टा फुगवणारा एक आनुवंशिक आजार) निदान नसलं तरी. भावाच्या ऑर्टाचं मूळ किंचित मोठं निघालं, ऑपरेशनचं काही नाही पण आता तोही दरवर्षी इकोला जातो. आईला विचारलं की अजून "बघू" म्हणते.